गुरुवारचा जिना

१

जेली शनिवारी सकाळी साडेसातला गेली. गुरुवारी दुपारी ती प्यायल्यासारखी झोकांड्या खायला लागली, शुक्रवारभर उलट्या झाल्या आणि शनिवारी डॉक्टरांनी तिच्यावर पांढरं फडकं टाकलं. पाच आठवड्यांत आमच्या सोसायटीतलं हे तिसरं कुत्रं. आधी पाचव्या मजल्यावरच्या सेक्रेटरी श्याम देशमुखांचा ब्रूनो, मग चौथ्या मजल्यावरच्या इंदुताईंची पिंकी आणि आता सहाव्या मजल्यावरच्या सलिल-अबोलीची जेली. तिघंही गुरुवारीच आजारी पडली होती. डॉक्टरांनी या वेळी तपासणी करून कारण सांगितलं. गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते कूलंट पोटात गेलं होतं. ते चवीला गोड लागतं आणि कुत्री आवडीने पितात म्हणे.

मी बुद्धरत्न ओव्हाळ. चाकणच्या एका कंपनीत एकतीस वर्षं क्वालिटीत काढली. दुसऱ्यांनी घाम गाळून केलेला माल नापास करायचा, हा माझा धंदा, त्यामुळे मला मित्र बेताचेच. आमच्याकडे काही बिघडलं की पाच वेळा 'का' विचारायची पद्धत होती. पार्ट का तुटला? भोक तिरपं पडलं म्हणून. भोक का तिरपं पडलं? असं करत करत पाचव्या 'का'ला खरं दुखणं हाती लागतं. रिटायर झालो तरी ही खोड गेली नाही, आणि माझी मुलगी मैत्री त्यावरून माझी भरपूर थट्टा करते.

तळवड्याच्या आयटी पार्कमागे आमची सहा मजली इमारत आहे. एके काळी इथे कुत्रं पाळायलाच बंदी होती. मग देशमुखांना लॅब्राडोर हवासा झाला आणि नियम बदलला. आता तीन मेल्यावर सगळ्यांना प्राणिप्रेमाचा पुळका आला होता. त्या शनिवारी संध्याकाळी देशमुखांना पार्किंगमध्ये जयसिंग वाघमारेच्या स्कूटरपाशी कूलंटचा कॅन सापडला.

जयसिंग पहिल्या मजल्यावर भाड्याने राहतो. मूळचा परभणीकडचा. महाळुंग्याच्या एका कंपनीत कंत्राटी ऑपरेटर आहे आणि सुट्टीच्या दिवशी लोकांच्या गाड्या धुऊन, ऑइल-पाणी बघून देतो. आमच्या पट्ट्यात कंपन्यांची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. म्हणजे गुरुवारी घरी जयसिंग, कूलंट जयसिंगकडे, आणि ब्रूनोने त्याच्या बायकोची ओढणी फाडली तेव्हा भांडायला गेलेलाही जयसिंगच. लोकांना हिशेब जुळला. सलिलने सगळ्यांदेखत त्याच्या थोबाडीत मारली. पुढच्या रविवारी मीटिंग घेऊन त्याची खोली खाली करायची आणि त्याला पोलिसांत द्यायचं, असं ठरलं.

रात्रीचं जेवण व्हायच्या आधी त्याची बायको मिनल माझ्या दारात आली. तिने रडारड केली नाही.

"काका, तुमी कमिटीत हाव. तुमचं ऐकतेत," ती म्हणाली. "ह्यांनी न्हाई केलं. पण आमचं कोण ऐकणार, ते तुमाला माहीतच हाय."

ते मला माहीत होतंच.

२

आठ दिवस हातात होते. मी सरळ दारं वाजवायला सुरुवात केली.

देशमुखांनी मला बसवून घेतलं आणि पाऊण तास ब्रूनोचे फोटो दाखवले. माणूस उर्मट आहे, पण फोटो दाखवताना त्यांचा आवाज दोनदा बसला. घरातलं कुत्रं मेलं की सेक्रेटरीसुद्धा माणसात येतो. जयसिंगशिवाय दुसरं कुणी असूच शकत नाही, यावर मात्र ते ठाम होते.

इंदुताईंनी पिंकीच्या शेवटच्या गुरुवारचं सगळं सांगितलं. दुपारी एकच्या सुमाराला तिला खाली फिरवून आणलं. ऊन मी म्हणत होतं. घरी आल्यावर पिंकी रोज आधी पाण्याच्या भांड्याकडे धावायची, त्या दिवशी तिने पाण्याला तोंडच लावलं नाही. त्यांना वाटलं, उन्हाने मलूल झाली असेल.

अबोलीचं बोलणं ऐकताना मला खुर्चीत नीट बसवेना. दोन कुत्री गेल्यावर तिने जेली आणि तिची दुसरी कुत्री टॉफी, दोघींच्या तोंडाला जाळी घेतली होती, रस्त्यावरचं काही खाता येऊ नये म्हणून. बाहेर नेताना जाळी, घरात आल्यावरच काढायची. कुणी दिलेलं बिस्कीट नाही, जमिनीवरचं काही नाही. टॉफीला त्या आठवड्यात पायाला लागलं होतं म्हणून ती खाली गेलीच नव्हती. जेली एकटी गेली आणि तिला विष लागलं.

"मी अजून काय करायला हवं होतं, काका?" अबोलीने विचारलं. ती घरून काम करते. लॅपटॉप उघडा होता आणि त्यातून कुणीतरी तिला दोनदा हाक मारली, तिने तो मिटवून टाकला. मी तिला जेली घरी आल्यावर पाणी प्यायली का, एवढंच विचारलं. तिने आठवून पाहिलं. नव्हती प्यायली.

तिसऱ्या मजल्यावर सुहासिनीताई बर्वे राहतात. निवृत्त शिक्षिका, नवरा गेलेला, मूलबाळ नाही. महिन्याच्या पहिल्या तारखेला आमची दारातच गाठ पडायची, त्यापलीकडे फारसं बोलणं नव्हतं. खरं म्हणजे त्यांच्याकडे जायचं मी टाळत होतो. त्यांनी मला आत घेतलं नाही. दाराच्या कडीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "तो मुलगा नाही. तुम्ही क्वालिटीतले ना? मग नीट बघा."

सोसायटीतल्या साठ घरांत हे म्हणणाऱ्या त्या एकट्याच. जिना उतरताना माझ्या डोक्यात आलं, की बाईंना 'वाटत' नाहीये, बाईंना माहीत आहे.

३

खाली पार्किंगमध्ये चार गावठी कुत्री राहतात. उकिरडा हुंगतात, कुणी टाकलेलं काहीही खातात. कुत्र्यांचा वैरी विष ठेवेल तर आधी ती मरायला हवीत. ती ठणठणीत होती. पहिल्या मजल्यावर गणराज पवारांचा डॅशहाउंड आहे, तोही गुरुवारी फिरतो, त्यालाही काही झालं नव्हतं. मेलेली तिन्ही कुत्री चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या मजल्यावरची होती.

आम्ही सगळे विचारत होतो, गुरुवारी घरी कोण असतं? कारखान्यात आयुष्य घालवलेली माणसं गुरुवार म्हटलं की सुट्टीच आठवणार. पण गुरुवारी आमच्याकडे आणखी एक गोष्ट होते. कंपन्या बंद म्हणून त्याच दिवशी लाईनीच्या दुरुस्तीसाठी दहा ते दोन वीज जाते. बिल्डरने जनरेटर फक्त जाहिरातीत लावला होता, त्यामुळे लिफ्ट बंद. बाकी सहा दिवस वरच्या मजल्यांवरची कुत्री लिफ्टने जातात. गुरुवारी दुपारी तेवढी ती जिन्याने चढतात, उन्हातून येऊन, जीभ बाहेर काढून. आणि तोंडाच्या जाळीतून खाता येत नसलं तरी पाणी पिता येतं.

म्हणजे प्रश्न घरी कोण असतं हा नव्हताच. पाणी कुठल्या मजल्यावर असतं, हा होता.

जिना झाडणाऱ्या छबूबाई देहूकडच्या आहेत. त्यांना मी सहज म्हणून विचारलं, गुरुवारी सगळे मजले पुसता का.

"व्हय की. तिसरा सोडून," छबूबाई म्हणाल्या. "बाई म्हणत्यात, माझा दत्ताचा वार हाय, सोवळं हाय, माझा मजला मीच पुसते. म्हयना-दीड म्हयना झाला. आमाला काय, तेवढंच काम कमी."

मग मी जयसिंगकडे गेलो. त्याच्या गालावरची सूज उतरली होती, पण तो माझ्याकडे न बघता बोलत होता. कूलंट कुणाकुणाला दिलंस, विचारल्यावर त्याने सहा गाड्या सांगितल्या. पाच मला ठाऊक होत्या.

"आन् एक बाटली वरच्या आजींना, फेब्रुवारीत," तो म्हणाला. "काकांची गाडी परत चालू करायची म्हणत होत्या. मी म्हटलं, मी घालून देतो, तर म्हणल्या, ठेव, मी बघते."

बर्व्यांची गाडी पार्किंगच्या कोपऱ्यात कव्हरखाली आहे. मी कव्हर उचललं. चारही टायर जमिनीला टेकलेले, बॅटरी कधीच काढून नेलेली. त्या गाडीला कूलंट काय, पेट्रोलही चालणार नव्हतं.

मला ताबडतोब देशमुखांकडे जायला हवं होतं. मी गेलो नाही. घरी येऊन बसलो आणि मैत्रीने दोनदा जेवायला हाक मारली तरी उठलो नाही.

४

गुरुवारी दहाला लाईट गेली. नऊ वाजता मी तिसरा मजला बघून आलो होतो, तिथे काही नव्हतं. साडेबाराला मी अबोलीकडून टॉफीला मागून घेतलं. ती द्यायला तयार नव्हती. मी म्हटलं, तुझ्याइतकी मलाही भीती वाटतेय, पण बघितल्याशिवाय दुसरा उपाय नाही. तिने स्वतः जाळी बांधली, दोनदा ओढून पाहिली आणि टॉफीच्या कपाळावर ओठ टेकले.

खाली दहा मिनिटं उन्हात फिरवून मी वर निघालो. पहिला मजला, दुसरा. टॉफीची धाप मला ऐकू येत होती. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर खिडकीखाली मातीचं पसरट भांडं होतं, पाखरांना पाणी ठेवतात तसं. आतलं पाणी किंचित हिरवं दिसत होतं. टॉफीला वास लागला आणि तिने अशी ओढ घेतली, की पट्टा माझ्या हातातून सुटला. मी गुडघ्यांवर पडलो आणि तिचा मागचा पाय धरला. तिचं तोंड भांड्यापासून वीतभर लांब होतं.

मागे दार उघडल्याचा आवाज आला.

"उचला तिला, ओव्हाळ," सुहासिनीताई म्हणाल्या. "आणि आत या. मी चहा टाकते."

५

टॉफीला मी त्यांच्या दाराच्या मुठीला बांधलं आणि भांडं माझ्या पायाशी आणून ठेवलं. चहा मी घेतला नाही. जिना, लिफ्ट, जाळी, छबूबाई, बंद गाडी, सगळं ओळीने सांगितलं. उत्तरपत्रिका वाचावी तसं त्यांनी ते मान हलवत ऐकलं.

"बरोबर," त्या म्हणाल्या. "आज का ठेवलं, तेवढं चुकलं असेल तुमचं."

मला ते खरंच कळलं नव्हतं. त्यांनी सांगितलं. जयसिंग आणि मिनलला त्यांनी सकाळीच निरोप देऊन चिंचवडला भाचीकडे पाठवलं होतं. तो दिवसभर इथे नसताना चौथं कुत्रं गेलं असतं, तर तो आपोआप सुटला असता. एक जीव वाचवायला दुसरा घ्यायचा, हा हिशेब त्यांनी अगदी शांतपणे मांडला.

"या मुक्या जनावरांनी तुमचं काय केलं होतं?" मी विचारलं.

"मोत्याने काय केलं होतं?"

हे नाव येणार, हे मला गाडीचं कव्हर उचललं तेव्हापासून माहीत होतं. नवरा गेल्यावर त्यांनी बांधकामावरचं एक गावठी पिल्लू घरी आणलं, तोच मोत्या. चार वर्षांपूर्वी सोसायटीने मीटिंग घेतली. गावठी कुत्रं लिफ्टमध्ये नको, रोग पसरतात, मुलं घाबरतात. हात वर करून मतं झाली. बाईंचा सोडून सगळ्यांचे हात वर होते. माझाही होता. मी तेव्हा नुकता फ्लॅट घेतलेला, आणि आमच्यातल्या माणसाला कमिटीत घेतलं याचंच मला केवढं कौतुक. देशमुख म्हणाले, ओव्हाळ, तुमचं गाव महाळुंग्याकडे ना, तुम्हीच सोडून या. दोन दिवसांनी बाई पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेल्या होत्या. मी मोत्याला टेम्पोत घातलं आणि हायवेच्या कडेला, एका कंपनीच्या भिंतीमागे सोडलं. तो टेम्पोमागे धावला. बराच वेळ धावला.

बाई आल्या तेव्हा मी त्यांना सांगितलं, माझ्या चुलतभावाच्या शेतावर नेऊन दिलाय, मोकळा हिंडतोय, मजेत आहे. त्यांना तेवढं बरं वाटावं म्हणून सांगितलं. मग दर महिन्याला पेन्शन झाली की पहिल्या तारखेला त्या माझ्या दारात यायच्या आणि मोत्यासाठी बिस्किटांचा पुडा द्यायच्या. गावी जाल तेव्हा द्या म्हणायच्या. मी घ्यायचो. ती बिस्किटं आमच्या घरात चहाबरोबर संपायची.

"जानेवारीत मी बसने महाळुंग्याला गेले," सुहासिनीताई म्हणाल्या. "वाटलं, म्हातारा झाला असेल, एकदा बघून यावं. तुमचे भाऊ भेटले. भला माणूस. म्हणाले, आजी, जमीन विकून अकरा वर्षं झाली, शेत कुठलं आणि कुत्रं कुठलं. मला त्यांनी बसस्टॉपपर्यंत सोडलं."

मी पायाशी ठेवलेलं भांडं थोडं मागे सरकवलं.

"तरी फेब्रुवारीत मी तुम्हाला पुडा दिला, ओव्हाळ. म्हटलं, आज तरी सांगतील. तुम्ही घेतलात आणि म्हणालात, अंगाने भरलाय आता."

टॉफी दाराशी कुंईकुंई करत होती. सलिल-अबोली तर तेव्हा इथे राहतही नव्हते, असं मी कसंबसं म्हणालो.

"नव्हते. त्यांचं मला वाईट वाटतं," त्या म्हणाल्या. "पण त्यांच्या कुत्र्यांना नियम नव्हता. रोज माझ्या दारावरून ती वर जायची, आणि सगळे त्यांचे लाड करायचे. ज्यांनी हात वर केले होते तेच." मग त्यांनी पदराने चष्मा पुसला. "मी केलं ते फार वाईट केलं. रविवारी सगळ्यांसमोर सांगा, मी नाही म्हणणार नाही. पोलीस येऊ देत. फक्त मोत्याचंही सांगा. मी सांगितलं तर म्हणतील, म्हातारी निमित्त काढतेय. तुम्ही सांगितलंत तर मानतील. तेवढं एक सांगा, बाकी मला काही नको."

मी सांगेन म्हणालो. शब्द दिला.

६

रविवारी अकराला पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. जयसिंग आणि मिनल खांबापाशी उभे होते. त्यांच्या घरमालकाने आदल्या दिवशीच खोली सोडायला सांगितलं होतं आणि देशमुखांनी कंत्राटदाराला फोन केल्यामुळे जयसिंगचा कंपनीतला गेट पासही बंद झाला होता. सुहासिनीताई पुढच्या रांगेत बसल्या होत्या. इस्त्रीचं पातळ, हात मांडीवर. मैत्रीला रविवारी सुट्टी नसते, तरी ती मुद्दाम लॅपटॉप बंद करून खाली आली होती, बापाचं बोलणं ऐकायला.

मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. आधी गुरुवार, मग लिफ्ट, मग तिसऱ्या मजल्यावरचं भांडं. तपासणीसाठी डॉक्टरांकडे दिलेल्या पाण्याचा कागद दाखवला. बाईंकडे बोट दाखवायची वेळ आली नाही, त्यांनी स्वतःच मान हलवली. अबोली मोठ्याने रडायला लागली. सलिल जयसिंगकडे गेला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि तसाच परत आला. माणसं माझ्याकडे बघत होती. इतक्या वर्षांत या सोसायटीने माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं.

देशमुख उठले.

"पण का, ओव्हाळ?" ते म्हणाले. "आम्ही यांचं काय वाकडं केलं होतं?"

सुहासिनीताईंनी मान वर केली. त्या माझ्याकडेच बघत होत्या. मी वाक्य पाठ करून आलो होतो. समोर हात वर करणारे सगळे बसले होते, आणि त्यांच्या मागे मैत्री उभी होती. ती बिस्किटं तिनेही खाल्ली होती, आणि कुठून येतात हे तिने कधी विचारलं नव्हतं.

"एकट्या राहतात," मी म्हणालो. "वय झालंय. डोक्यावर परिणाम झाला असेल."

कुणीतरी च्-च् केलं. इंदुताई म्हणाल्या, तरीच. तेवढ्यावर सगळ्यांना ते पटलंसुद्धा.

बाई बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. वर्गातल्या मुलाला आठवायला वेळ द्यावा तसा त्यांनी मला वेळ दिला. मी बसलो. मग त्यांनी निऱ्या सारख्या केल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "हो. तसंच असेल."

पोलिसांची गाडी बाराच्या सुमाराला आली. बाई गेल्या. जाताना त्यांनी दाराची किल्ली छबूबाईंकडे दिली आणि गॅलरीतल्या तुळशीला पाणी घालायला सांगितलं. माझ्याकडे त्यांनी परत पाहिलं नाही. मी अजूनही, हे लिहीपर्यंत, कुणाला काही सांगितलेलं नाही.

जयसिंगची खोली राहिली. कंपनीतलं काम काही परत मिळालं नाही, कंत्राटदाराने त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला होता. तरी संध्याकाळी तो आणि मिनल माझ्याकडे आले. मैत्रीने त्यांना पाणी दिलं.

"काका, तुमी व्हता म्हणून," जयसिंग म्हणाला. "एवढ्या लोकांत खरं बोलणारे तुमी एकलेच."

असं म्हणून तो माझ्या पाया पडायला वाकला. मैत्री कौतुकाने बघत होती. मी त्याला वाकू दिलं.